एकाच कडेनं चिकटवायची चिठ्ठी

बाई,

काल आपल्या मराठी मंडळाची वार्षिक सभा झाली. कलम एकोणीसची मुदत संपली आणि तिच्याबरोबर माझ्या हातातला अधिकारही गेला. तुम्ही असतात तर सभेनंतर चष्मा गळ्यातल्या दोरीवर सोडून विचारलं असतंत, "काय हनीफ, हलकं वाटतंय की रिकामं?" म्हणून तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, हलकं वाटतंय. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत मी तुमच्यासाठी रडलो, तुमच्यावर चिडलो, पण स्वस्थ असा आज पहिल्यांदाच बसलोय. दुपारची सुट्टी आहे. स्टोअरचं शटर अर्धं खाली ओढलंय. कोणाला नटबोल्ट हवे असतील तर थांबतील थोडा वेळ.

तुमच्यासाठी मिसा झाली तेव्हा मी चर्चमध्ये मागं उभा होतो. नंतर पुष्कळ जण बोलले. वकिलाच्या ऑफिसात तुम्ही किती वर्षं काढलीत, किती जणांचे अर्ज फुकट लिहून दिलेत, क्वायरमध्ये कसा आवाज लावायचात. त्यात खोटं काही नव्हतं, पण तो मजकूर तुमच्या हातात दिला असता तर तुम्ही पेन्सिलीनं निम्मा खोडला असता. मलाही बोला म्हणाले. मी मानेनंच नको म्हटलं. पोटात परिपत्रक क्रमांक तीन घेऊन तुमच्याविषयी चांगलं बोलायला उभं राहायचं, एवढा निगरगट्ट मी अजून झालेलो नाही.

आपली ओळखच एका वाईट अर्जावरून झाली. मी कतारमध्ये नवीन होतो. बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात स्टोअरकीपर म्हणून लागलो होतो आणि कंपनीनं माझा रजेचा अर्ज तीनदा परत केला होता. कोणीतरी सांगितलं, शहरात अल सद्दला लोपीस बाई म्हणून आहेत, वसईच्या, कागदपत्रातलं सगळं कळतं त्यांना. तुम्ही माझा अर्ज वाचलात आणि म्हणालात, "यात तू रजा मागितलीयस, मेसच्या जेवणाची तक्रार केलीयस आणि शेवटी साहेबाचे आभार मानलेयस. त्यानं सही नेमकी कशावर करायची?" मी अर्ज परत घ्यायला हात पुढं केला. "एका कागदावर एक काम," म्हणालात आणि तीन ओळींत अर्ज लिहून दिलात. रजा मिळाली. येताना मी रत्नागिरीहून तुमच्यासाठी आमसुलं आणली, आणि तुम्ही मला वसईची सुकेळी दिलीत. तेव्हापासून मी तुम्हाला बाई म्हणायला लागलो, जसं शाळेत म्हणायचो.

मंडळ तेव्हा अल सद्दचंच होतं. ऑफिसवाले, बँकवाले, हॉस्पिटलवाले, सगळे फ्लॅटवाले. घटना तुम्हीच लिहिलेली. चोख होती, पण होती फ्लॅटवाल्यांची. सभासदानं राहत्या फ्लॅटचा पत्ता द्यावा. बैठक शुक्रवारी सकाळी अल सद्दला. सूचना ईमेलनं. आमच्या कॅम्पातल्या मराठी माणसांना हे सगळं ऐकून हसायला यायचं, कारण शुक्रवारी सकाळी ती आठवड्याचे कपडे धूत असायची. मी तुम्हाला म्हणालो होतो, तुमचं मंडळ म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, आणि इथं तर उंटही खरे मिळतात. तुम्ही हसला नाहीत. पुढच्या सभेत तुम्हीच ठराव आणलात, बिरकतची वेगळी शाखा, तिची वेगळी समिती, शाखेचे निर्णय शाखेनं घ्यावेत. मी सेक्रेटरी झालो.

पण अधिकार दिला आणि घटना तीच राहिली. माझे अब्बा गावच्या पंचायतीत होते. गावाला आता अधिकार मिळालेत असं ते चारचौघांत अभिमानानं सांगायचे, आणि विहिरीवरची कप्पी बदलायची तरी तालुक्याचे उंबरठे झिजवायचे. माझं तसंच झालं. शाखा माझी, पण काही करायला गेलो की कुठलंतरी कलम आडवं यायचं. कलम बदलायचं तर वार्षिक सभा, तीही दोन तृतीयांश मतांनी. मी तणतणत तुमच्या फ्लॅटवर आलो. तुम्ही बिनसाखरेचा करक चहा पुढं ठेवलात आणि मला तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत.

ते मुंबईला सचिवालयात, कायद्याच्या खात्यात कारकून होते. राज्य वेगळं झालं तेव्हा जुने कायदे नव्या राज्याला जसेच्या तसे बसेनात. एकेक कायदा विधिमंडळात नेऊन बदलायचा तर पिढी जाईल. मग सरकारला ठरावीक मुदत दिली, की तेवढ्यात साधे आदेश काढून जुने कायदे जुळवून घ्या. मुदत संपली की मुभा संपली. आदेश निघाला की तो बारीक पट्टीवर छापून यायचा आणि तुमचे वडील ती चिठ्ठी कायद्याच्या पुस्तकात जुन्या ओळीवर चिकटवायचे. पण एकाच कडेनं. बाकीच्या तीन कडा मोकळ्या. "वरचं वाचणाऱ्याला खालचंही वाचता आलं पाहिजे," असं ते म्हणायचे. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. कारकुनाच्या कामाचा एवढा अभिमान धरणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी लगेच म्हणालो, मग आम्हालाही तसंच द्या. तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. ते चार शुक्रवार चाललं. तुमच्या बहिणीनं, मोनिका मावशींनी, तिसऱ्या शुक्रवारी बेडरूमचं दार लावून घेतलं.

"घटना सभेनं केलीय," तुम्ही म्हणालात. "सेक्रेटरीच्या कागदानं ती बदलायला लागली तर उद्या सेक्रेटरी म्हणजेच घटना होईल."

"सभा वर्षातून एकदा भरते, बाई. आमची माणसं वर्षात दोनदा खोली बदलतात."

"बरं. पण सभासदत्व आणि मतदान सोडून. त्याला कागदानं हात लावायचा नाही."

"आमची अडचण नेमकी तिथंच आहे. तुमची घटना फ्लॅटचा पत्ता मागते. आमच्याकडे फ्लॅट नाही, खाट आहे. ते सोडलं तर बाकी काय, बैठकीत चहा द्यायचा की सरबत, एवढंच ठरवायचं आम्ही?"

तुम्ही कागद पुढं ओढलात. मग स्वतः घातलेला तो अपवाद स्वतःच्याच पेन्सिलीनं खोडलात. माझं म्हणणं बरोबर होतं म्हणून खोडलात, हे मला माहीत आहे. आजही मी म्हणेन की ते बरोबरच होतं. असं कलम एकोणीस झालं. शाखेची अडचण दूर करण्यासाठी शाखेच्या सेक्रेटरीनं परिपत्रक काढून घटनेतलं कुठलंही कलम शाखेपुरतं बदलावं. खाली तुम्ही दोन अटी घातल्यात. मुदत दोन वर्षं. आणि दोन वर्षांनी प्रत्येक परिपत्रक सभेपुढे वाचायचं, सभेनं मान्य केलं तर ते घटनेत जाईल, नाहीतर पडेल.

मला मुदतीचा राग आला होता. "म्हणजे विश्वास नाही माझ्यावर," मी म्हणालो.

"तुझ्यावर आहे. तुझ्यानंतर येणाऱ्यावर नाही. आणि दोन वर्षांनंतरच्या तुझ्यावरही नाही."

त्या दिवशी मी सुकेळी न घेताच निघून आलो होतो.

पहिली दोन परिपत्रकं काढताना आपण दोघंही खूश होतो. क्रमांक एकनं बैठक शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पच्या मेसमध्ये आली आणि सूचना फोनवर जायला लागली. क्रमांक दोननं पत्ता बदलला. फ्लॅटच्या जागी, सभासद जिथं झोपतो ती जागा. रजिस्टरमध्ये पहिली नावं लिहिली तेव्हा तुम्ही मुद्दाम कॅम्पवर आला होतात. मी लिहिलं होतं, इमारत अमुक, खोली तमुक, खाट वरची. "खाट वरची हेही लिहायचं का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "वरची-खालची यावरूनच भांडणं होतात इथं, लिहिलेलं बरं." तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसलेत. घटनेच्या फाइलीत दोन्ही चिठ्ठ्या तुम्ही मला चिकटवायला लावल्यात, एका कडेनं, पट्टी धरून.

मग मला चटक लागली. हे आता सरळ लिहितो. स्टोअरमध्ये मी दिवसभर दुसऱ्याच्या सहीवर माल देतो. माझ्या सहीनं जगात काही हलत नाही. आणि इथं मी एक कागद लिहायचो, शिक्का मारायचो, आणि अख्खी घटना कॅम्पापुरती वाकायची. नाकापेक्षा मोती जड व्हायला किती वेळ लागतो? मला काही महिने पुरले.

शिवराम तुम्हाला आठवतोच. सांगोल्याकडचा, स्कॅफोल्डिंगवर काम करणारा. उंचावर पाइप बांधणारा माणूस जसा प्रत्येक क्लॅम्प हलवून बघतो तसा तो माझं प्रत्येक वाक्य हलवून बघायचा. बैठकीत मी काही जाहीर केलं की मागून आवाज यायचाच, "हे कुणाला इचारून केलं म्हनायचं, सायेब?" लोक हसायचे. मला ते हसणं झोंबायचं. मग कळलं, तो पुढच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा राहणार आहे, आणि खोल्याखोल्यांतून त्याचं नाव निघत होतं. त्याच सुमारास त्याच्या कंपनीनं त्याला अल खोरकडच्या कॅम्पात हलवलं. तिथून तो दर बैठकीला दोन बस बदलून यायचा, कारण तिकडं आपली शाखा नव्हती आणि त्याची माणसं सगळी बिरकतलाच होती.

एका दुपारी, याच टेबलावर, मी क्रमांक तीन लिहिलं. ज्या सभासदाची राहण्याची जागा बिरकतबाहेर गेली, त्याचं शाखेतलं सभासदत्व आणि मत त्या दिवसापासून संपेल. खाली कारण लिहिलं, रजिस्टर अद्ययावत ठेवण्यातील अडचण दूर करण्यासाठी. भाषा तुमच्याकडूनच शिकलेलो. एका कागदावर एकच काम केलं होतं, बाई, आणि ते काम म्हणजे शिवराम. फाइलीत चिठ्ठी चिकटवताना मी डिंक चारी कडांना लावला. का लावला, हे मी स्वतःलाही त्या वेळी सांगितलं नाही.

निवडणुकीला मी एकटाच उभा होतो. बिनविरोध आलो.

तुम्ही सहा महिन्यांनी फाइल तपासायला आणवलीत. मी समोर बसलो होतो. तुमचं बोट पानावरून सरकत होतं, पहिली चिठ्ठी उचलली, खालचं वाचलं, दुसरी उचलली, खालचं वाचलं. तिसरीला नख लावलंत आणि ती उचलली जाईना.

"ही चारी बाजूंनी कशी?"

"डिंक पसरला असेल."

तुम्ही उठून फडकं ओलं करून आणलंत. चिठ्ठी हळूहळू भिजवून काढलीत. खालची शाई जरा फुटली होती, पण वाचता येत होतं. मूळ कलम होतं, एकदा झालेला सभासद कतारमध्ये कुठंही राहो, सभासदच राहील. तुम्ही ते मला मोठ्यानं वाचायला लावलंत. मग म्हणालात, "आता वरचं वाच." तेही वाचलं.

"यानं शाखेतून किती माणसं बाहेर जातात, हनीफ?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

"मी किती म्हणून विचारलं."

तुम्ही चिठ्ठी सुकवलीत, एका कडेनं परत चिकटवलीत आणि फाइल माझ्या हातात दिलीत. मला वाटलं होतं, तुम्ही अध्यक्षांकडे, नाईक साहेबांकडे जाल. मी बचावाची वाक्यं तयार करून ठेवली होती, रात्रंदिवस घोकत होतो. तुम्ही कुठंच गेला नाहीत. फक्त माझ्याशी बोलणं कामापुरतं झालं. रमजानमध्ये दरवर्षीसारख्या इफ्तारला कॅम्पवर आलात, डबाभर फुगे, तुमच्याकडचे ते मैद्याचे तळलेले गोळे, घेऊन. सगळ्यांची चौकशी केलीत, शिवरामलाही बोलावून आणला होतात, त्याच्या मुलीच्या दहावीचं विचारलंत. माझ्याशी पूर्ण संध्याकाळभरात दोन शब्द बोललात, "पाणी दे." मी आतून इतका पेटलो होतो की फुगे खाल्ले नाहीत. नंतर खोलीतल्या पोरांनी एक राहू दिला होता, तो मोरीजवळ उभा राहून खाल्ला.

मग तुमचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात मी तिसऱ्या दिवशी आलो. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, केस विंचरलेले, आणि मोनिका मावशींना औषधांच्या वेळा लिहून घ्यायला सांगत होतात. मी खुर्चीत बसलो. येताना बसमध्ये ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. की माणूस एकच होता. की मी ते जाणून केलं. तुम्हाला माहीत होतंच, पण माझ्या तोंडून तुम्ही ते ऐकलेलं नव्हतं.

"फाइल तुझ्याकडेच राहू दे," तुम्ही म्हणालात.

मी म्हणालो, "बाई, त्या तीन नंबरचं..." आणि तेवढ्यात मावशी पेज घेऊन आल्या. तुम्ही दोन चमचे घेतलेत, डोळे मिटलेत. मी मावशींना "येतो" म्हणून निघालो. चार दिवसांनी तुम्ही गेलात. तुम्हाला वसईला नेलं. मी विमानतळावर कार्गोच्या बाजूला उभा राहिलो, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे वाक्य आता आयुष्यभर अर्धंच राहणार.

आता कालचं सांगतो.

सभेच्या आठवडाभर आधी नाईक साहेबांचा फोन आला. बँकेतला माणूस, गोड बोलतो. म्हणाले, "हनीफभाई, कलम एकोणीस दोन वर्षं आणखी वाढवू या. तुम्ही छान चालवलंय. आणि ते बाईंचं कलम आहे, ते जिवंत ठेवणं हीच त्यांना श्रद्धांजली. मुदतवाढ आधी घेऊ, म्हणजे ती परिपत्रकं वाचत बसायला नको. लोकांना जेवायची घाई असते." मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. दोन वर्षं कोणी विचारणार नाही. फाइल माझ्याकडे. तुम्ही नाही. आणि वर तुमचंच नाव घेऊन सगळं झाकलं जाणार.

ते सुटल्यासारखं वाटणं एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये माल मोजताना माझी सारखी चूक व्हायला लागली. तुम्ही माझ्यावर ओरडला असतात, सभेत माझं नाव घेतलं असतंत, तर मी चार वर्षं तुमच्याशी भांडत बसलो असतो आणि मजेत जगलो असतो. तुम्ही फक्त मुदत घातलीत आणि वाचायची अट घातलीत. तिच्याशी भांडणार कोण? ती दर आठवड्याला जवळ येत होती.

सभा अल सद्दला, हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. कॅम्पची माणसं मिनीबसनं आली होती. शिवराम आपला आपण आला, दोन बस बदलून, आणि मागं भिंतीशी उभा राहिला. क्रमांक तीननं त्याला मत नव्हतं, म्हणजे खुर्चीवर बसायचाही हक्क नाही असं त्यानं धरलं होतं. तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता झाली. मग नाईक साहेबांनी मुदतवाढीचा ठराव काढला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "आधी परिपत्रकं वाचायची. कलमात तसंच आहे."

"अहो, ते नंतर बघू की."

"नाही. आधी."

एक आणि दोन वाचली. टाळ्या पडल्या. दोन्ही एकमतानं घटनेत गेली. आता खाटेचा पत्ता आपल्या घटनेत आहे, बाई, कायमचा, आणि तो कुठल्याही सेक्रेटरीच्या कागदानं जाणार नाही. ते ऐकताना मला तुमची मुदत प्रथमच समजली. मी दोन वर्षं समजत होतो की तुम्ही आमच्याकडून काहीतरी काढून घ्यायची तारीख ठरवलीय. खरं तर तोवर ती माणसं माझ्या सहीवर सभासद होती. काल ती स्वतःच्या हक्कानं झाली.

मग तीन. आधी चिठ्ठी उचलून खालचं वाचलं, नंतर वरचं. शाई का फुटलीय तेही सांगितलं. आणि म्हणालो, "याचं कारण लिहिलंय ते खोटं आहे. रजिस्टरची काही अडचण नव्हती. यानं एकच माणूस बाहेर गेला, आणि तो जावा म्हणूनच मी हे काढलं. निवडणूक होती." आवाज नीट निघाला.

नाईक साहेब पाणी प्यायले. मग त्यांनी शिवरामला विचारलं, तुला काही बोलायचंय का.

"मला ठावं हुतं," शिवराम म्हणाला. "बाईंकडं गेलतो मी तवाच. म्हनलं, सभेत काढा हे. त्या म्हनल्या, मी वडून काढली तर कागद फाटंल. मुदत हाय, त्यो सोताच वाचंल. थांब."

मी खाली बसलो. आनंद झाला हे खरं आहे, आणि इथं स्टोअरमध्ये एकट्यानं लिहिताना पुन्हा होतोय. तुम्ही जाताना फाइल माझ्याकडे का ठेवलीत, ते कळलं. मी म्हणायच्या आधीच तुम्ही माझं वाक्य पुरं होणार असं धरून चालला होतात.

पण एक भांडण शिल्लक आहे, आणि ते मी सोडणार नाही. माझ्यावर विश्वास टाकलात तो तुमचा, ठीक. पण त्यासाठी मत गेलं ते शिवरामचं. मी सुधारावा म्हणून त्यानं वर्षभर भिंतीशी का उभं राहायचं? तुम्ही एक शब्द टाकला असतात तर त्याचं मत दुसऱ्या दिवशी परत आलं असतं, आणि माझी काय ती बेअब्रू झाली असती ती झाली असती. यावर तुमच्याकडे काहीतरी उत्तर असणार. पेन्सिल कानावर ठेवून तुम्ही म्हणाला असतात, "मुद्दा बरोबर आहे, पण." त्या पणच्या पुढचं मला ऐकायचं होतं. तुमच्या जाण्यातलं मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच. बाकीचं दुःख माणसं वाटून घेतात, हे कोणाला देणार?

तर, तीन पडलं. त्याच क्षणी शिवरामचं मत परत आलं. कोणीतरी त्याला खुर्ची दिली. आणि मग नाईक साहेबांनी मुदतवाढीचा ठराव पुन्हा काढला. मला वाटलं होतं, आता कोणी बाजूनं हात वर करणार नाही. पण बाजूनं हातच हात. कॅम्पच्या माणसांना अधिकार हवा होता, आणि त्यात चूक काय? सगळ्यात आधी वर गेलेला हात शिवरामचा होता.

"विरोधात?"

मी हात वर केला. अल सद्दच्या काही जणांनी केला, कॅम्पातल्या दोघांनी केला. मोजणी झाली. दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं. म्हणजे माझंच.

शिवराम तिथल्या तिथं उठला. "तुमच्या येळंला हुतं, आन माझ्या येळंला नाय व्हय?" म्हणाला. "आता म्या सेक्रेटरी झालो तर दर बारीला बारक्यासारक्यासाठी इथं येऊन हात जोडायचं?"

"हो," मी म्हणालो. "मांड ठराव. मी पहिला हात वर करीन."

"तुमचा हात नगं मला."

तो खरोखर चिडला होता, आणि त्याचं अगदीच चूक होतं असंही मी म्हणणार नाही. जेवणं झाली. परतीच्या मिनीबसमध्ये तो बिरकतच्या दोस्तांकडे राहायला म्हणून चढला, आणि जागा फक्त माझ्या शेजारी उरली होती. बसला. अल सद्दचे दिवे मागं पडले. मग तो समोर बघतच म्हणाला, "निवडनुकीला उभा ऱ्हानाराय मी."

"राहा," मी म्हणालो. "मीही राहणार आहे."

"पाडतो तुमास्नी."

"इन्शाल्ला," मी म्हणालो. त्यानं हूं केलं आणि खिडकीकडे तोंड केलं. आणि बाई, कित्येक महिन्यांनी मला बसमध्ये गाढ झोप लागली. बिरकत आलं तेव्हा त्यानंच मला हलवून उठवलं.